दुखणं सांगायची रांग

रोज सकाळी हॉलचं कुलूप उघडलं की माझा मामा आधी बूट काढायचा. मग मोजे. बूट दाराशी जोडीने ठेवून तो बास्केटबॉलच्या कोर्टवर अनवाणी उतरायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत जायचा, थोडं बाजूला सरकून परत यायचा, पुन्हा जायचा. खांद्यावर जुनं फडकं. लाकडी जमिनीवर कुठे ओल लागली, कुणी काही सांडलेलं असलं, छतातून एखादा थेंब झिरपलेला असला, की फडकं खाली टाकायचा आणि टाचेने दाबून पुसायचा. ओल डोळ्यांना दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. लाकूड चकाकतं आणि नजर फसते. तळपाय फसत नाही.

लवकर आलेल्या मुली दारात उभ्या राहून बघायच्या. एक पाय उचलून, जरा थांबून, मग तो पुढे टाकणाऱ्या त्या किडकिडीत माणसाला त्यांनी ‘बगळा’ नाव ठेवलं होतं. तोंडावर अर्थातच ‘सर’. मामाला दोन्ही नावं ठाऊक होती. एकदा एक मुलगी उशिरा पोचली तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘‘बगळ्याचे मासे पकडून झाले. या आता.’’ ती बिचारी पुढे आठवडाभर त्याच्याकडे मान वर करून बघू शकली नाही.

कॉलेजच्या मुलींच्या संघाचा तो मुख्य प्रशिक्षक होता. खोलीच्या दारावर तशी पाटी होती. खोली म्हणजे प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची तिरकी जागा. आत गेलं की एका बाजूला ताठ उभं राहता यायचं, दुसऱ्या बाजूला नाही. ताठ उभं राहायची बाजू तो आलेल्या माणसाला द्यायचा.

त्या पाटीपर्यंत तो पुढच्या दाराने आला नव्हता. आजोबा त्याच कॉलेजात वायरमन. हॉलच्या छतातले दिवे बदलायचे असले की शिडी धरायला मामाला सोबत न्यायचे. खाली मोठ्या मुलांचा सराव चाललेला असायचा. मामाचे हात शिडीवर, डोळे चेंडूवर. आणि चेंडू जिकडे जाईल तिकडे शिडीही थोडी थोडी झुकायची. आजोबा वरून ओरडायचे, ‘‘अरे, बाप आहे वर तुझा! त्याच्याकडेही बघ कधी!’’ शेवटी कंटाळून त्यांनीच तिथल्या कोचना, थोरल्या सरांना, सांगितलं, ‘‘याला एकदाचा खेळवा हो, नाहीतर मी पडून मरेन.’’

मामा खेळला. खेळावरच त्याला त्या कॉलेजात प्रवेश मिळाला. उंची बेताची, पण समोरच्याचा पाय कुठे पडणार हे याला त्याच्याआधी कळायचं, असं थोरले सर माझ्या आईला सांगायचे. शेवटच्या वर्षी त्याला देशाच्या संघाच्या निवड शिबिराचं बोलावणं आलं आणि त्याच सुमारास त्याचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. त्याने कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं तर बाकावर बसवतील. बाकावरच्याला शिबिरात कोण विचारतो? आतून पट्टी आवळून तो खेळत राहिला. सरावाच्या एका सामन्यात ओल्या जागेवर पाय घसरला. गुडघा धड असता तर सावरला असता. बाविसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला.

पुढे तो त्याच हॉलमध्ये नोकरीला लागला, सामानाच्या खोलीत. चेंडूंत हवा भरायची, फाटलेल्या जाळ्या विणायच्या, जर्सी धुऊन वाळत घालायच्या. ज्या पोरांबरोबर कालपर्यंत खेळला त्यांचेच घामट कपडे गोळा करायचे. आई सांगते, पहिलं वर्षभर तो घरी फारसा बोललाच नाही. मग सुट्टीच्या दिवशी पंच म्हणून जायला लागला, मग प्रशिक्षणाच्या परीक्षा दिल्या, मग थोरल्या सरांचा सहायक झाला आणि कानशिलावरचे केस पांढरे होईपर्यंत सहायकच राहिला. मुलींचा संघ त्याच्याकडे आला तो कुणालाच नको होता म्हणून. सरावाला पाच जणी धड जमत नसत. हळूहळू जमायला लागल्या, मग जिंकायला लागल्या, तेव्हा कुठे कॉलेजने मुख्य प्रशिक्षकाची जागा काढली आणि बाहेरून माणसं मुलाखतीला बोलावली. त्यांच्यात मामाही बसला.

समितीतल्या एकाने विचारलं, ‘‘स्वतः वरच्या पातळीवर किती खेळलात?’’

‘‘खेळलो कमी,’’ मामा म्हणाला, ‘‘बाकावर बसून बघितलंय फार. तिथून सगळं दिसतं, साहेब.’’

दाराबाहेर थांबलेले थोरले सर एवढ्या मोठ्याने हसले की ते आत ऐकू गेलं. जागा मामाला मिळाली.

त्या मोडलेल्या गुडघ्यातून दोन गोष्टी निघाल्या होत्या. एक ते अनवाणी चालणं. दुसरी, रांग.

सराव असो की सामना, आधी सगळ्या मुली जर्सीच्या नंबराप्रमाणे रेषेवर उभ्या राहायच्या. मामा समोरून चालत जायचा आणि प्रत्येकीला एकच विचारायचा, ‘‘काय दुखतंय?’’ कसं वाटतंय, तयारी झाली का, असलं काही नाही. काय दुखतंय. सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. घोटा, पाठ, पोट, दात, काहीही. जी सांगेल तिला तो त्या दिवशी विश्रांती द्यायचा आणि तिची संघातली जागा तशीच राखायचा. हसायचं कुणी नाही. नव्या मुलींची सुरुवातीला जीभ रेटत नसे. मग एखादीला खरंच बसवलेलं आणि पुढच्या सामन्यात पुन्हा पहिल्या पाचांत घेतलेलं दिसलं की त्याही बोलायला लागायच्या. एक तर एकदा म्हणाली, ‘‘सर, मन दुखतंय.’’ मामा म्हणाला, ‘‘त्याला बर्फ चालत नाही. बस जरा.’’ आणि तिला खरंच बसवलं.

त्याच्या हाताखाली एकाही मुलीचा गुडघा गेला नव्हता. जिंकलेल्या कपांपेक्षा त्याला याचा अभिमान होता.

मग संघात त्याची स्वतःची मुलगी आली.

माझ्या या मामेबहिणीला घरात सगळे भिंगरी म्हणत. चालायच्या आधी ती गोल फिरायला शिकली, असं मामी सांगायची. सामानाच्या खोलीत चेंडूंच्या ढिगाशेजारी झोपून वाढलेली पोर. ती दुसरं काय खेळणार? निवड चाचणीत ती पहिली आली, तरी मामाने तिला वर्षभर राखीव ठेवलं. तेवढ्याने कुजबुज थांबली नाही. ‘‘घरचंच दुकान आहे, माल कुठे जातोय?’’ असं कपडे बदलायच्या खोलीत कुणीतरी म्हणालेलं भिंगरीने ऐकलं आणि घरी येऊन हसत हसत सांगितलं. मामा हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नियम केला: कोर्टवर बाबा नाही, घरात सर नाही. तिथे ती नऊ नंबर आणि तो सर. इथे ती भिंगरी आणि तो बाबा. इकडचं तिकडे न्यायचं नाही, तिकडचं इकडे आणायचं नाही.

खरं तर तिला ते आवडायचं. दोघांनी त्याचाच एक खेळ करून टाकला होता. संध्याकाळी दार उघडताच ती सुरू व्हायची.

‘‘बाबा, आमचे सर आज जाम पिसाळले होते.’’

‘‘असं? का गं?’’

‘‘पास द्यायचा तिथे मी नेम धरला.’’

‘‘मग बरोबर आहे त्यांचं. मी असतो तर पळवत पळवत घरी आणली असती.’’

‘‘तू सरांच्या बाजूने आहेस की माझ्या?’’

‘‘मी त्या माणसाला ओळखत नाही.’’

मामी म्हणायची, ‘‘माणसं तीन आणि ताटं चारांची लागतात मेली. एकदा आणा तरी त्या सरांना समोर, मला बघायचेत.’’

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मी तिथेच होते, सुट्टीला गेलेली. आम्ही जेवायला बसलो होतो. एरवी खुर्चीवरही मांडी घालून बसणारी भिंगरी त्या दिवशी एक पाय समोरच्या स्टुलावर लांब करून बसली होती.

‘‘बाबा, ऐक ना. गुडघ्यात आतल्या बाजूला काहीतरी अडकल्यासारखं होतंय. एकदम वळलं की.’’

मामाच्या हातातला डाव क्षणभर भांड्यातच थांबला. मग तो म्हणाला, ‘‘मला काय सांगतेस? मी इथे वाढपी आहे. उद्या रांगेत सरांना सांग.’’

‘‘अहो, दुखतंय म्हणतेय ती,’’ मामी म्हणाली.

‘‘मग सांगेल की. सर काय खाणार आहेत तिला? सांगणारीला बसवतात, तिची जागा राखतात. भला माणूस आहे म्हणे.’’

भिंगरी हसली. आम्ही सगळेच हसलो. ‘‘बरं, सांगते त्यांना,’’ ती म्हणाली आणि तिने पाय खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला होता. मामाने सकाळीच कोर्ट पायाखालून घातलं होतं, ठणठणीत कोरडं. मी आणि मामी वर प्रेक्षकांत बसलो होतो. खाली रांग लागलेली दिसत होती, बोलणं ऐकू येत नव्हतं. ते मला नंतर आठ नंबरच्या मुलीने सांगितलं. ती भिंगरीला लागूनच उभी होती. सात नंबरचा खांदा धरला होता, तिला मामाने बसवलं. म्हणजे पहिल्या पाचांतली एक कमी झाली. आठ म्हणाली, काही नाही. मग मामा नऊसमोर आला.

‘‘काय दुखतंय?’’

‘‘काही नाही, सर.’’

तो लगेच पुढे सरकला नाही. बुटाची नाडी बांधायला लागतो तेवढा वेळ तसाच उभा राहिला. गुडघ्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होता. रांगेत टोकाला कुणीतरी खाकरलं. मग मामा म्हणाला, ‘‘दहा?’’

दुसऱ्या कुठल्याही मुलीने घरी आईजवळ काढलेलं दुखणं त्याच्या कानावर आलं असतं, तर त्याने तिला तिथल्या तिथे बाहेर बसवलं असतं. पूर्वी बसवलंही होतं. या एकाच मुलीचं घरचं बोलणं कोर्टवर आणायचं नाही असं त्याने ठरवून घेतलं होतं. आणि तिने तरी बापाच्या रांगेत, अंतिम सामन्याला, सात नंबर बसल्यावर लगेच, मलाही दुखतंय हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? ती रांग संघातल्या सगळ्यांसाठी होती, फक्त तिच्यासाठी नव्हती. दोघांनाही ते कळत होतं. दोघांनाही वाटलं, समोरचं माणूस बोलेल.

मध्यंतरानंतर भिंगरीने एक चेंडू हिसकावला, एकटीच पुढे धावली, रिंगखाली झटकन थांबून वर उडाली आणि खाली येताना तिचा गुडघा आत वळला. जवळ कुणी नव्हतं. जमीन कोरडी होती. आवाज आम्हाला वरपर्यंत आला.

मामा रेषेपर्यंत धावत आला आणि थांबला. पंचाने खूण केल्याशिवाय प्रशिक्षकाने कोर्टवर पाऊल ठेवायचं नसतं. पंच मुलींना बाजूला सारत होता आणि मामा बुटांची टोकं रेषेला लावून उभा होता. माझ्या शेजारून मामी ओरडली, ‘‘अहो, जा ना! तुमची पोर आहे ती!’’ ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. तरी तो खूण होईपर्यंत थांबला.

तो तिच्याजवळ खाली बसला तेव्हा भिंगरी त्याची बाही धरून म्हणाली, ‘‘सर, मला बाहेर घ्या.’’

मामी आणि मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो. मामा मागे राहिला. आठ नंबरचा गुडघा गेला असता तर तो सामना सोडून गेला नसता. म्हणून आताही गेला नाही. सामना जिंकला. कप पायऱ्यांखालच्या खोलीत गेला, वाकून उभं राहायच्या बाजूला, आणि तिथेच राहिला.

ऑपरेशन झालं. भिंगरी शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागली तेव्हा मामा पलंगाशी खुर्ची ओढून बसला होता. अंगात अजून संघाचंच जॅकेट. त्याने विचारलं, ‘‘काय दुखतंय?’’

‘‘काही नाही.’’

बराच वेळ तो पलंगाच्या दांडीचा सुटलेला रंग नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, ‘‘रांगेत सांगायचं होतंस गं.’’

‘‘मी सांगितलं होतं, बाबा. घरी.’’

ती चिडून बोलली नाही. औषध घेतलंस का, असं कुणी विचारल्यावर सांगावं, तसं सांगितलं. त्यानंतर त्या घरात हा विषय कुणी काढला नाही.

चालता येईल, खेळता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि तसंच झालं. भिंगरी हे नाव आपोआप गळून पडलं. कुणी ठरवलं नव्हतं, पण काठी घेऊन चालणाऱ्या मुलीला त्या नावाने हाक कशी मारायची? काठी सुटली तरी नाव परत आलं नाही. ती शिकली, दूरच्या शहरात घरांचे नकाशे काढायच्या ऑफिसात लागली. दर रविवारी फोन करायची. साहेबाच्या नकला करून मामीला हसवायची. फक्त दुखलेलं काही सांगायची नाही. ताप येऊन गेल्यावर कळायचा. एका मुलाशी तिचं लग्न ठरत आलं होतं, ते मोडलं; मामीला ते किती तरी महिन्यांनी, भलत्याच बोलण्यातून समजलं. मामा फोन हातात आला की थट्टेच्या सुरात विचारायचा, ‘‘बाकी, काय दुखतंय?’’

‘‘काही नाही हो, बाबा. तुम्ही कसे आहात?’’

पूर्वी ती त्याला अरेतुरे करायची.

‘‘चिडली असती तर बरं झालं असतं,’’ मामी मला म्हणायची. ‘‘भांडलो असतो, रडलो असतो, मिटलं असतं. हिच्या मनात काही नाहीच म्हणते. मग माणसाने माफी मागायची तरी कशाची?’’

हॉलमधली रांग मामाने बंद केली. आठ नंबरची ती मुलगी पुढे त्याची सहायक झाली होती. ती एकेकीला त्या तिरक्या खोलीत बोलावून, दार लोटून विचारायची; मामा बाहेर उभा राहायचा. निवृत्तीच्या समारंभात प्राचार्य भाषणात म्हणाले की सरांच्या कारकिर्दीत एकाही खेळाडूला मोठी दुखापत झाली नाही. मामा खुर्चीतूनच म्हणाला, ‘‘एक झाली.’’ प्राचार्यांना ऐकू गेलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी बसल्यावर त्याला कसली हौस उरली नव्हती. त्याला एकच हवं होतं: तिने एकदा, कसलंही, दुखतंय म्हणावं. डोकं म्हणावं, दात म्हणावा. हे तो कुणाला म्हणाला नाही. पण रविवारी फोन ठेवल्यावर त्याचं तोंड बघून आम्हाला कळायचं.

निवृत्तीनंतर काही दिवसांनी ती रजा काढून आली. प्रवासाने गुडघा सुजला होता. सैल पँट घालून, पाय जवळ घेऊन ती बसायची. चहाचा कप आत ठेवायला उठायचं तरी दोनदा विचार करायची. एका दुपारी मामाने अर्धवट उघड्या दारातून बघितलं: पलंगाच्या कडेला बसून ती दोन्ही हातांनी गुडघा दाबत होती, डोळे मिटून. तो आवाज न करता मागे फिरला आणि स्वयंपाकघरात येऊन मामीला म्हणाला, ‘‘गुडघा सुजलाय तिचा.’’

‘‘मग विचारा ना.’’

‘‘विचारलं की काही नाही म्हणेल. आता ते ऐकवत नाही गं मला.’’

ती परत निघाली त्याच दुपारी मामा गेला. मामी सांगते, तिला टॅक्सीत बसवून तो वर आला, खुर्चीत बसला. मामीला वाटलं, लेक गेली म्हणून गप्प आहे. तिने चहा टाकला. चहा घेऊन आली तेव्हा मान एका बाजूला कलली होती.

निघतानाचं मला माझ्या मामेबहिणीने सांगितलं, बऱ्याच दिवसांनी. मामा तिची बॅग घेऊन आधीच खाली गेला होता. ती जिन्यात आली तेव्हा तो फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून उभा होता, जिन्याकडे पाठ. तिने कठडा धरला. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मध्येच थांबत, लहान मूल उतरतं तशी ती उतरली. एवढा वेळ लागला तरी त्याने मागे वळून बघितलं नाही, लवकर ये म्हटलं नाही. शेवटच्या पायरीवरून खाली येऊन ती सरळ उभी राहिली, तेव्हाच तो वळला.

‘‘त्याला माहीत होतं,’’ ती मला म्हणाली. ‘‘मला लंगडता यावं म्हणून पाठ करून उभा होता.’’

टॅक्सीत बसल्यावर तिने काच खाली केली. सांगायचं असं तिने ठरवलं होतं. बाबा, फार दुखतंय रे, एवढंच. शब्द अगदी तोंडाशी आले होते. तेवढ्यात तो खिडकीशी वाकला, सीटवरची तिची पिशवी हाताने चाचपली आणि म्हणाला, ‘‘पाण्याची बाटली घेतलीस ना?’’